रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय? भाड्याच्या कार्टपासून पहिल्या करारापर्यंत

शर्यतीच्या गाडीत बसणाऱ्यांमध्ये काही जण सीटचे पैसे भरतात आणि काहींना सीटवर बसायचे पैसे मिळतात. पोट त्यावर चालत असेल तरच तो व्यवसाय. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या मालिकांच्या खालच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर पैसे भरणारेच जास्त असतात, आणि सुरुवातीची सात-आठ वर्षं तुम्हीही त्यांच्यातच असणार. हे मुलांनी आणि त्यांच्या आई-बाबांनी पहिल्याच दिवशी मान्य करावं. तसं केलं की पुढचे निर्णय डोकं शांत ठेवून घेता येतात.

हा लेख तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: रेसिंगचं वेड लागलेलं आठ-दहा वर्षांचं मूल ज्या घरात आहे ते पालक, कॉलेजात असलेले आणि 'आपल्याला उशीर झाला का?' असं विचारणारे, आणि नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने सुरुवात करू पाहणारे. तिघांचे रस्ते पुढे वेगळे होतात, पण सुरुवात एकच: कार्ट. आणि तिघांनाही मी पहिल्यापासून एकच गोष्ट मोजायला सांगतो, ती म्हणजे सीट टाइम. सीट टाइम म्हणजे ट्रॅकवर, स्टिअरिंग हातात घेऊन, घड्याळाविरुद्ध घालवलेला वेळ. भारी हेल्मेट, रंगीत सूट, इन्स्टाग्रामवरचे फोटो यांतून तो मिळत नाही. हातातला प्रत्येक रुपया खर्च करताना विचारा, यातून मला ट्रॅकवर किती मिनिटं जास्त मिळणार?

भाड्याचं कार्ट

मुंबईत वडाळ्याला अजमेरा इंडिकार्टिंगचा ट्रॅक आहे. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, तिथे राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही झाल्या आहेत. बंगळुरूत मेको कार्टोपिया आहे. जवळच्या ट्रॅकवर जा आणि सुरुवातीचे काही महिने फक्त भाड्याच्या, फोर-स्ट्रोक इंजिनाच्या कार्टवर काढा.

ही कार्ट जड असतात, टायर टणक असतात, आणि प्रत्येक कार्टचा स्वभाव वेगळा. रडारड करणारे म्हणतात, 'मला वाईट कार्ट मिळालं.' शिकणारा मात्र त्याच वाईट कार्टमधून सेकंदाचा दशांश काढायला बघतो. प्रत्येक सेशननंतर लॅप टायमिंगचा कागद किंवा मेसेज मिळतो, तो टाकून देऊ नका. एक साधी वही करा आणि तारीख, कार्टचा नंबर, ऊन की पाऊस, सर्वांत जलद लॅप आणि सलग पाच लॅपची सरासरी लिहा. नवशिक्या मुलाचा एखादा लॅप नशिबाने जलद पडतो. सलग पाच लॅप दोन दशांशांच्या आत बसायला लागले की पुढच्या पायरीचा विचार करा. माझ्या मते मुलात काही आहे की नाही हे ठरवायला हाच आकडा सर्वांत प्रामाणिक आहे. प्रशिक्षकाच्या कौतुकापेक्षा आणि पालकांच्या डोळ्यांपेक्षा तो जास्त खरा.

रस्त्यावर सराव करू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर किंवा रात्रीच्या रिकाम्या बायपासवर वेगाने गाडी हाकून रेसिंगमधलं काहीच शिकता येत नाही. तिथे वळण ठरावीक नसतं, वेळ मोजता येत नाही, आणि समोरून येणाऱ्या माणसाने शर्यतीत भाग घेतलेला नसतो. चांगल्या संघांना असा ड्रायव्हर नको असतो.

टू-स्ट्रोक कार्ट आणि एका वळणाची गोष्ट

खरा खेळ टू-स्ट्रोक कार्टपासून सुरू होतो. भारतात रोटॅक्स कंपनीच्या इंजिनांवर चालणाऱ्या 'मॅक्स' गटांनी कित्येक पिढ्या घडवल्या आहेत: लहानांसाठी मायक्रो मॅक्स, मग मिनी, ज्युनिअर आणि सीनिअर. मायक्रोची सुरुवात साधारण सात-आठ वर्षांपासून होते. वयाच्या अटी थोड्याफार बदलतात, म्हणून त्या वर्षाचं नियमपत्रक वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका. रोटॅक्सची १२५ सीसीची इंजिनं सीलबंद असतात. अधिकृत केंद्राशिवाय ती कोणी उघडू शकत नाही, त्यामुळे श्रीमंत बाप आणि बेताचा बाप यांच्या इंजिनांमध्ये फार फरक पडत नाही. या गटांचं मला सगळ्यात आवडतं ते हेच.

लगेच स्वतःचं कार्ट घेऊ नका. पहिलं वर्ष एखाद्या संघाबरोबर 'अराइव्ह अँड ड्राइव्ह' पद्धतीने काढा. म्हणजे कार्ट, इंजिन, मेकॅनिक सगळं संघाचं. तुम्ही हेल्मेट घेऊन यायचं. दिवसाचा दर जास्त वाटतो, पण स्वतःचं चॅसिस घेतलं की ट्रॉली, सुटे भाग, साठवायची जागा, ट्रॅकपर्यंतची वाहतूक अशी खर्चाची रांगच लागते, आणि सीट टाइम तेवढाच कमी होतो.

आता कार्ट वळतं कसं ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कारकीर्द यावर उभी राहते. कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच भरीव दांड्यावर असतात आणि एकाच वेगाने फिरतात. वळणात मात्र आतल्या चाकाला कमी अंतर कापायचं असतं. मग ते चाक जमिनीवर घासत राहतं, कार्ट अडतं, इंजिनाचा आवाज खोल जातो. उपाय एकच, आतलं मागचं चाक क्षणभर उचललं जायला हवं. स्टिअरिंग वळवलं की पुढच्या चाकांच्या भूमितीमुळे ते थोडं उचललं जातं. बाकीचं काम ड्रायव्हरच्या वजनाचं आणि सीटच्या जागेचं.

हेअरपिनला येताना बघा. रोटॅक्सच्या गटांत ब्रेक साधारणपणे मागच्या दांड्यालाच असतो, म्हणून ब्रेक सरळ रेषेत, एकदाच, जोरात मारायचा. डावा पाय ब्रेकवर, उजवा थ्रॉटलवर, आणि दोन्ही एकदम कधीच नाही. वळता वळता जोरात ब्रेक मारला तर कार्ट जागच्या जागी फिरतं. ब्रेक सोडताना स्टिअरिंग एकाच ठाम हालचालीत वळवायचं. चाक उचललं जातं, कार्ट आत शिरतं. ॲपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या कडेच्या बिंदूला, चाक लागलं की लगेच स्टिअरिंग सैल सोडायला सुरुवात करायची. चाक परत जमिनीवर बसतं आणि पूर्ण थ्रॉटल देता येतो. नवशिके इथे हमखास चुकतात. ते वळणात उशिरापर्यंत स्टिअरिंग आवळून धरतात, वळण जिंकल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर दोन कार्ट शेजारून निघून जातात. सरळ पट्ट्यावरचा वेग आधीच्या वळणातून बाहेर पडताना ठरतो.

टायरमधल्या हवेकडे पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवा. कार्टच्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या, टायरमध्ये थंड असताना दहा-बारा पीएसआय हवा असते, घरच्या कारच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. अर्ध्या पीएसआयचा फरकही हातांना जाणवतो. सकाळी थंड ट्रॅकवर जी हवा चालते ती दुपारी दोनला चालत नाही. मेकॅनिक हवा भरत असताना त्याच्या शेजारी उभं राहा, आकडा विचारा, वहीत लिहा. चेन्नई-कोइंबतूरकडे मेकॅनिकला सगळे 'अण्णा' म्हणतात, तुम्हीही म्हणा. कार्ट कसं वागतंय हे या अण्णांना दोन वाक्यांत सांगता येणं ही कला आहे: 'आत शिरताना पुढचं सरकतंय, बाहेर पडताना ठीक आहे.' एवढं पुरतं. 'काहीतरी बरोबर नाही' या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही.

लायसन्स आणि पहिली शर्यत

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, बघते. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची आणि जागतिक संघटना एफआयएची मान्यता तिला आहे. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर तिचं लायसन्स लागतं. अर्ज ऑनलाइन होतो; वयाचा पुरावा, डॉक्टरचं प्रमाणपत्र, आणि अठराच्या खालच्यांसाठी पालकांची संमती जोडावी लागते. कार्ट, ट्रॅकवरच्या गाड्या, रॅली यांचे प्रकार वेगळे आहेत, आपला कोणता ते आधी विचारून घ्या. कार्टिंगसाठी आरटीओचं लायसन्स लागत नाही. रॅलीसाठी मात्र लागतं, कारण एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावरून न्यावी लागते.

साहित्यात काटकसर कुठे चालते आणि कुठे नाही हे स्पष्ट ठेवा. हेल्मेट मान्यताप्राप्त हवं. लहान मुलांसाठी हलक्या वजनाचं, सीएमआर प्रमाणाचं घ्यावं, कारण मोठ्यांचं जड हेल्मेट कोवळ्या मानेवर ताण आणतं. रस्त्यावरचं बाईकचं हेल्मेट चालणार नाही. बरगड्यांचं जॅकेट घ्याच. कार्टची सीट फायबरग्लासची आणि आखूड असते, धक्के थेट बरगड्यांना बसतात, आणि तडकलेल्या बरगडीमुळे आठवडेच्या आठवडे सराव बुडतो. सूट मान्यताप्राप्त असला की जुना चालतो. बुटांचे तळवे पातळ हवेत, पेडल कळलं पाहिजे. जुनं हेल्मेट मात्र कोणाकडूनही घेऊ नका, ते आधी आपटलंय का हे बाहेरून कळत नाही.

पहिल्या शर्यतीच्या दिवशी गाडी हाकण्यापेक्षा बाकीचीच कामं जास्त दमवतात. सकाळी तांत्रिक तपासणी, मग ड्रायव्हर ब्रीफिंग, सराव, क्वालिफाइंग (सुरुवातीची जागा ठरवणारे लॅप), हीट (फायनलआधीची छोटी शर्यत), फायनल. ब्रीफिंगला उशीर झाला तरी दंड होतो. झेंडे पाठ करा. पिवळा हलताना दिसला की पुढे धोका आहे, वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक करायचं नाही. लाल म्हणजे सत्र थांबलं. निळा म्हणजे तुम्हाला एक लॅप मागे टाकणारा गाठतोय, त्याला अडवू नका. काळ्यावर नारंगी गोल म्हणजे तुमच्या गाडीत बिघाड आहे, पिटमध्ये या. पिवळ्या झेंड्याखाली ओव्हरटेक हा नवशिक्यांचा नेहमीचा गुन्हा, आणि त्यात माफी नसते.

शर्यत संपली की कार्ट थेट वजनकाट्यावर जातं, ड्रायव्हरसकट. गटाच्या किमान वजनापेक्षा थोडं जरी कमी भरलं तरी निकालातून नाव जातं. म्हणून सडपातळ मुलांच्या सीटला शिशाचे तुकडे बोल्टने आवळलेले असतात. जिंकलेली शर्यत काट्यावर हरलेली मुलं तिथेच हुंदके देताना दिसतात. सकाळी एकदा आणि फायनलच्या आधी एकदा, हेल्मेट-सूटसकट वजन करून घ्या. चेन्नईच्या उन्हात दिवसभरात अंगातलं बरंच पाणी जातं.

पहिल्या वर्षी निकालाचं लक्ष्य ठेवू नका. शर्यत पूर्ण करा, दुसऱ्याच्या चाकात चाक न अडकवता. वर्षभर कोणाला न ठोकता शेवटून पाचवा आलेला मुलगा मला दोन ट्रॉफ्या आणि चार दंड घेऊन आलेल्या मुलापेक्षा जास्त आश्वासक वाटतो.

कार्टमधून गाडीत

कार्टनंतर एका सीटच्या गाड्यांची पहिली पायरी म्हणजे फॉर्म्युला ४, थोडक्यात एफ४; तिच्या वर एफ३, एफ२ आणि शेवटी फॉर्म्युला वन. एफ४ साठी किमान वय १५ आहे. पण पंधरा झाले म्हणून लगेच उडी मारायची गरज नाही. माझा सल्ला असा: कार्टमध्ये सीनिअर गटात राष्ट्रीय पातळीवर पहिल्या पाचांत सातत्याने येत नसाल तर आणखी एक वर्ष तिथेच काढा. गाडीतला एक दिवस कार्टच्या कित्येक दिवसांएवढा महाग पडतो, आणि जे वळण कार्टमध्ये शिकायचं राहिलं ते गाडीत शिकणं परवडत नाही.

भारतात गाडीकडे जायचे रस्ते चांगले आहेत, आणि ते परदेशाच्या मानाने स्वस्त आहेत हे फार कमी लोकांना माहीत असतं. जेके टायरच्या स्पर्धेत नवोदितांसाठी नोव्हिस कप असतो. त्याच्या वर एलजीबी फॉर्म्युला ४: कोइंबतूरमध्ये बांधलेल्या, मारुतीच्या इंजिनावर चालणाऱ्या एका सीटच्या गाड्या. नावात फॉर्म्युला ४ असलं तरी एफआयएची एफ४ ती वेगळी. एलजीबीच्या गाडीला मोठे पंख नाहीत, टायरची पकड माफक, त्यामुळे शर्यती चाकाला चाक लावून होतात आणि ओव्हरटेक करायला, स्लिपस्ट्रीम पकडायला, म्हणजे पुढच्या गाडीच्या मागे राहून हवेचा अडथळा कमी करायला, माणूस पक्का शिकतो. तिला जुनाट म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. छपराच्या गाड्या आवडत असतील तर एमआरएफच्या राष्ट्रीय स्पर्धेत सलून गट आहे. पुण्याच्या डायाना पंडोले यांनी २०२४ मध्ये याच गटात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारी त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. दोन मुलांची आई असताना, २०१८ मध्ये महिलांसाठीच्या एका निवड कार्यक्रमातून त्यांनी सुरुवात केली होती. 'उशीर झाला का' विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. फॉर्म्युला वनसाठी पंचविशीत सुरुवात करणं उशिराचं आहे. सलून, जीटी (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्या) आणि रॅलीसाठी नाही.

एफआयएची खरी एफ४ भारतात २०२३ पासून सुरू झाली. फ्रेंच मिगाल चॅसिस, अल्पीनचं टर्बो इंजिन, सगळ्यांना सारखी गाडी. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेन्नईच्या आयलंड ग्राउंड्सभोवतीच्या रस्त्यांवर तिची रात्रीची शर्यत झाली.

ट्रॅक तीन ओळखून ठेवा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट, ३.७ किलोमीटरचा, तिथला मुख्य पट्टा संपल्यावरचा पहिला वेगवान उजवा, ज्याला सगळे सी-वन म्हणतात, तो धीर तपासतो. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे लहान आणि वळणावळणांचा. १९८०-९० च्या दशकांत फॉर्म्युला मारुती गाड्या बांधून भारतीय मुलांना एका सीटची गाडी देणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. आपल्याकडून या तिन्ही ठिकाणी जायचं म्हणजे रेल्वे-विमान, हॉटेल, शाळेची रजा. महाराष्ट्रातल्या ड्रायव्हरचं बजेट करताना प्रवासाची ओळ सुरुवातीलाच लिहा, शेवटी नाही.

घरी सिम्युलेटर असला तर चांगलंच. ट्रॅक पाठ करायला, ब्रेकचे बिंदू ठरवायला तो उपयोगी आहे. ब्रिटनचा जॅन मार्डनबरो २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि दोन वर्षांत ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. पण त्यालाही मध्ये खऱ्या गाडीत भरपूर तालीम दिली गेली होती. सिमवर चांगलं स्टिअरिंग घ्यायचं की कार्टचे आणखी काही दिवस, असा प्रश्न आला तर मी कार्ट म्हणेन.

परदेशी जावं का?

इथे दोन कारकिर्दी जवळून बघू.

नारायण कार्तिकेयन १९९२ मध्ये फ्रान्सच्या विनफिल्ड रेसिंग स्कूलमध्ये शिकायला गेले, परत येऊन चेन्नईला फॉर्म्युला मारुती चालवली, १९९६ मध्ये फॉर्म्युला एशिया जिंकली, मग ब्रिटनमध्ये फॉर्म्युला ३, मग निसानची वर्ल्ड सीरिज. २००५ मध्ये जॉर्डन संघातून ते फॉर्म्युला वनमध्ये आले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. त्या वर्षी इंडियानापोलिसला मिशेलिनचे टायर वेगवान तिरप्या वळणावर टिकेनात म्हणून चौदा गाड्या सुरुवातीलाच बाहेर पडल्या आणि ब्रिजस्टोनच्या सहाच धावल्या. कार्तिकेयन चौथे आले आणि भारताला फॉर्म्युला वनचे पहिले पाच गुण मिळाले. त्या चौथ्या क्रमांकाला काही जण नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. त्या दिवशी ग्रिडवर असण्यासाठी तेरा वर्षं लागली होती.

दुसरे मुंबईचे जेहान दारूवाला. कार्टिंग त्यांनी इथेच सुरू केलं, अनेक वेळा राष्ट्रीय विजेते राहिलेल्या रायोमंद बनाजींच्या मार्गदर्शनाखाली. २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधात निवडलेल्या तिघांपैकी ते एक. मग ब्रिटन-युरोपात कार्टिंग, फॉर्म्युला रेनो, युरोपियन एफ३, २०१९ मध्ये एफआयए एफ३ मध्ये एकूण तिसरा क्रमांक, रेड बुलच्या ज्युनिअर संघात जागा. डिसेंबर २०२० मध्ये साखीरला त्यांनी फॉर्म्युला २ ची शर्यत जिंकली, भारतीयाने जिंकलेली पहिली. चार हंगाम एफ२ मध्ये काढले, मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाडीची चाचणी केली. सीट मात्र मिळाली नाही, आणि २०२४ मध्ये ते मासेरातीतर्फे फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेत उतरले. ही अपयशाची गोष्ट नाही. जगभरातून दरवर्षी शेकडो मुलं ज्या वाटेवर निघतात तिच्या जवळजवळ शेवटापर्यंत मुंबईचा मुलगा पोहोचला आणि पुढे कारखान्याच्या संघातून गाडी चालवली.

फॉर्म्युला वनमध्ये २०२६ पासून ११ संघ आहेत, म्हणजे २२ सीट. तिथे जायला सुपर लायसन्स लागतं. साधारण वय १८, आणि तीन हंगामांत मिळून ४० गुण. एफ२ मध्ये पहिल्या तिघांत आलात तर ४० एका फटक्यात मिळतात, एफ३ विजेत्याला ३०, राष्ट्रीय एफ४ च्या विजेत्याला जास्तीत जास्त १२. शिवाय फॉर्म्युला वन गाडीत ३०० किलोमीटरचा अनुभव. हे गणित पाहिल्यावर कळतं की भारतात एफ४ जिंकणं ही सुरुवात आहे आणि पुढचे बहुतेक गुण परदेशातच आहेत.

म्हणून परदेशी जायचंच, तर कार्टिंगमध्ये असतानाच एक-दोन शर्यतींसाठी जाऊन या. युरोपातल्या ग्रिडवर पहिल्या आणि तिसाव्या मुलात अर्ध्या सेकंदाचा फरक असतो. आपल्याकडे सेकंदाने जिंकणारा मुलगा तिथे विसाव्या नंबरवर गेला की त्याला आणि त्याच्या बाबांना खरी जागा कळते, आणि ती कोट्यवधी घालवण्याआधी कळलेली बरी. हिवाळ्यात आखाती देशांत होणाऱ्या एफ४ आणि रीजनल मालिका जवळच्या आहेत. आपल्या मुंबई फाल्कन्स संघाने तिथे मोठं नाव कमावलंय. २०२३ ची फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट आंद्रेया किमी आंतोनेल्लीने त्यांच्याच गाडीतून जिंकली आणि दोन वर्षांत तो मर्सिडीजमधून फॉर्म्युला वनमध्ये होता. परदेशी शर्यतीसाठी एफएमएससीआयकडून आंतरराष्ट्रीय लायसन्स आणि परवानगी घ्यावी लागते, तो अर्ज आधी करा, विमानाचं तिकीट नंतर काढा.

पैसा

फॉर्म्युला २ चा एक हंगाम वीस कोटी रुपयांच्या पुढे जातो. एफ३ त्याच्या निम्म्याच्या आसपास, युरोपातली एफ४ कोटींतच. भारतात कार्टिंगचा राष्ट्रीय हंगाम लाखांत होतो, आणि एलजीबीसारखे गट युरोपच्या मानाने कितीतरी स्वस्त. घर गहाण टाकून युरोपात एक वर्ष काढणारी कुटुंबं असतात. मी कळकळीने सांगतो, करू नका. एका वर्षाने काही ठरत नाही, आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे हातात नसतील तर पहिल्या वर्षाचेही वाया जातात. दोन हंगामांची सोय झाली तरच वरची पायरी चढा.

प्रायोजक शोधताना मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहण्याआधी आपल्या गावात बघा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, चाकण-भोसरीचे सुटे भाग बनवणारे, नाशिकचे कारखानदार यांना गाड्यांची भाषा कळते. त्यांच्यापुढे 'देशाचं नाव उज्ज्वल करायचंय' हे वाक्य घेऊन जाऊ नका, ते त्यांनी शंभरदा ऐकलंय. एका पानावर लिहा: किती शर्यती, कुठे, गाडीवर नाव कुठे दिसेल, त्यांच्या कामगारांच्या मुलांसाठी एक दिवस ट्रॅकवर आणाल का, त्यांच्या ग्राहकांना पिटमध्ये न्याल का, दर शर्यतीनंतर काय पाठवाल. आणि मग ते खरोखर पाठवा. वाईट निकालानंतरही दुसऱ्या दिवशी सकाळी प्रायोजकाला फोन करणारा ड्रायव्हर पुढच्या वर्षी टिकतो.

शरीर आणि शाळा

पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी, पन्नाशीच्या वर तापलेलं कॉकपिट आणि मानेवर डोक्याच्या आणि हेल्मेटच्या वजनाच्या कित्येक पट ओढ. पोहणं, सायकल, मानेचे आणि खांद्यांचे व्यायाम. सूर्यनमस्कारही उत्तम. मोठे स्नायू फुगवू नका, वजन वाढतं. शाळेबद्दल एवढंच: दहावी-बारावी सोडू नका. नियमित शाळेला हजेरी जमत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते. इंग्रजी बोलता आलंच पाहिजे, कारण इंजिनिअरशी संवाद त्यातच होतो.

जिथे पैसे मिळतात

भारतीय ड्रायव्हरचं उत्पन्न बऱ्याचदा शर्यतीबाहेरून येतं. गाड्यांच्या कंपन्या ग्राहकांसाठी बुद्ध सर्किटसारख्या ठिकाणी ट्रॅक दिवस भरवतात आणि तिथे प्रशिक्षक म्हणून रेसर लागतात. लहान मुलांना कार्टिंग शिकवणं, टायर आणि गाड्यांच्या चाचण्या, हेही काम आहे. गाड्यांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे, आणि पिथमपूरला नॅट्रॅक्स या चाचणी केंद्राचा अकरा किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. इंजिनिअरिंगची मुलं स्वतः गाडी बनवायच्या कॉलेज स्पर्धांतून, म्हणजे कोइंबतूरच्या फॉर्म्युला भारत किंवा पिथमपूरच्या बाहामधून, संघांत शिरतात, आणि गाडी समजणारा ड्रायव्हर सगळ्यांना हवा असतो.

शर्यतीतून पगार हवा असेल तर जीटी आणि सहनशक्तीच्या शर्यतींकडे गंभीरपणे बघा. एफआयए तिथे ड्रायव्हरांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम असे दर्जे देते. जागतिक मालिकेच्या एलएमजीटी३ गटात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ लागतोच, तो बहुधा हौशी उद्योजक असतो आणि गाडीचा खर्च तोच उचलतो. त्याच्या जोडीला जलद, शांत, त्याला शिकवू शकणारा व्यावसायिक हवा असतो, आणि त्याला पैसे मिळतात. बंगळुरूचे अर्जुन मैनी एफ२ नंतर डीटीएम या जर्मनीतल्या जीटी गाड्यांच्या मालिकेत गेले आणि तिथे टिकले. त्यांचे धाकटे भाऊ कुश यांनी २०२५ मध्ये मोनॅकोला एफ२ ची शर्यत जिंकली. एकाच घरातले दोघे, दोन वेगळ्या वाटा.

रॅली ही तिसरी वाट, आणि महाराष्ट्राला ती जवळची आहे. नाशिकला रॅली ऑफ महाराष्ट्र होते, पुण्याचे संजय टकले कित्येक वर्षं आशियातल्या रॅलींत आणि २०२५ मध्ये डकार क्लासिक या जुन्या गाड्यांच्या वाळवंटी रॅलीत उतरले, आणि दिल्लीचे गौरव गिल यांना २०१९ मध्ये मोटरस्पोर्टमधला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. गाडी चालवायची नसेल तर शेजारच्या सीटवर नॅव्हिगेटर लागतो, त्यालाही तेवढाच मान आहे.

पहिला करार समोर आला की आनंदात सही करू नका, वकिलाला दाखवा. गाडी ठोकली तर दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि किती रकमेपर्यंत? शर्यतीतला अपघात विम्यात बसतो का? साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा बसत नाही. हंगामाच्या मध्ये तुमच्या जागी दुसरा ड्रायव्हर बसवता येतो का, आणि मग भरलेले पैसे परत मिळतात का? चाचणीचे दिवस किती, आणि त्या दिवशी टायरचे नवे संच किती? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण 'दहा दिवस चाचणी' असं लिहून झिजलेल्या टायरवर फिरवणारे संघ असतात. तेव्हा दिवसांबरोबर टायरचे संच आणि किलोमीटरही आकड्यात लिहून घ्या, आणि मगच सही करा.